पाटीवरचं नाव : अमेरिकेतल्या एका घरगुती फ्युनरल होमची गोष्ट



आजचा विषय काही जणांना अभद्र वाटेल. पण इतिहासात राजे आणि लढाया जेवढ्या महत्त्वाच्या, तेवढंच माणसं आपल्या मेलेल्या माणसांचं काय करतात हेही महत्त्वाचं असतं. समाज कसा बदलला हे त्यातून फार स्वच्छ दिसतं.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की काय होतं? शेजारी धावतात, भावकी जमते. गल्लीतला एखादा जाणता माणूस न सांगता सूत्रं हातात घेतो. कुणी बांबू आणतो, कुणी मडकं, कुणी पांढरं कापड. तिरडी बांधणाराही आपल्यातलाच असतो. इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की हैदराबाद, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच. सामानाचं दुकान असतं, पालिकेची शववाहिका असते, पण या सगळ्या कामाचा एक धंदा होतो, तो एकाच घराण्यात चार-चार पिढ्या चालतो, त्यावर शेअरबाजारात कंपन्या उभ्या राहतात आणि त्यावरून ५० कोटी डॉलरचा खटला होतो, हे आपल्या कल्पनेत बसत नाही. अमेरिकेत हे सगळं झालं. आज आपण ती गोष्ट एका घराण्याच्या हाताला धरून पाहणार आहोत. घराण्याचं नाव ओकीफ. गाव बिलॉक्सी, मिसिसिपी राज्यातलं, मेक्सिकोच्या आखातावरचं.

सुतार आणि तबेलेवाला

‘अंडरटेकर’ म्हटलं की आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला टीव्हीवरचा तो काळ्या हॅटमधला पैलवान आठवतो. मूळ शब्दाचा अर्थ मात्र अगदी साधा आहे : काम अंगावर घेणारा. मेलेल्या माणसाची व्यवस्था अंगावर घेणारा, एवढाच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतही माणूस घरातच मरत असे आणि घरातूनच जात असे. प्रेताला आंघोळ घालणं, कपडे चढवणं हे काम घरच्या किंवा शेजारच्या बायका करायच्या. पुढच्या खोलीत प्रेत ठेवायचं, रात्रभर जागायचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चर्चच्या आवारात किंवा शेताच्या कोपऱ्यात पुरायचं. बाहेरून फक्त दोन गोष्टी लागायच्या. एक शवपेटी आणि दुसरी ती न्यायला गाडी. पेटी बनवायचा गावातला सुतार, जो एरवी कपाटं आणि टेबलं करायचा. गाडी मिळायची तबेलेवाल्याकडून, जो एरवी घोडे आणि बग्ग्या भाड्याने द्यायचा. म्हणून अमेरिकेतल्या जुन्या गावांत ‘फर्निचर आणि अंडरटेकिंग’ अशा जोडपाट्या दिसायच्या. खुर्च्यांच्या दुकानात मागच्या बाजूला शवपेट्या.

ओकीफ घराणं या दोघांपैकी दुसऱ्या वाटेने आलं. आयर्लंडहून आलेलं हे कुटुंब बिलॉक्सीशेजारच्या ओशन स्प्रिंग्ज या गावात स्थिरावलं. घोडे आणि गाड्यांचा धंदा, आणि त्याला जोडून अंत्ययात्रेचं काम. आपला व्यवसाय १८६५ सालापासूनचा, असं हे घराणं सांगतं. हे साल लक्षात ठेवा. कारण अमेरिकेत मरणाची रीत बदलली ती नेमकी याच सुमारास.

युद्ध, रसायन आणि एक रेल्वेगाडी

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. सहा लाखांहून अधिक माणसं मेली. उत्तरेकडची पोरं दक्षिणेत, घरापासून शेकडो मैल दूर मेली. आईबापांना मुलाचं तोंड शेवटचं पाहायचं होतं, पण उन्हाळ्यात प्रेत रेल्वेने आठवडाभर कसं आणणार? इथे एम्बामिंगचा, म्हणजे रक्तवाहिन्यांतून रसायन सोडून प्रेत टिकवण्याचा धंदा उभा राहिला.

मे १८६१ मध्ये कर्नल एल्मर एल्सवर्थ हा लिंकनच्या मर्जीतला तरुण अधिकारी मारला गेला. थॉमस होम्स नावाच्या गृहस्थाने त्याच्या प्रेतावर ही प्रक्रिया केली आणि ते व्हाइट हाउसमध्ये दर्शनासाठी ठेवलं गेलं. पाहणाऱ्यांना तो झोपल्यासारखा वाटला. मग मागणी वाढली. रणांगणांच्या मागे एम्बामिंग करणाऱ्यांचे तंबू पडू लागले. आपण चार हजारांवर प्रेतं टिकवली, असा होम्सने पुढे दावा केला. दुःखातल्या माणसाकडून वाटेल ते पैसे उकळण्याच्या तक्रारीही तेव्हापासूनच्याच. शेवटी लष्कराला परवान्याची अट घालावी लागली.

आणि मग एप्रिल १८६५ मध्ये खुद्द लिंकनचा खून झाला. त्याचं टिकवलेलं प्रेत घेऊन रेल्वेगाडी वॉशिंग्टनहून निघाली ती सुमारे १६५० मैल फिरून स्प्रिंगफील्डला पोचली. १५ एप्रिलला गेलेला माणूस ४ मे रोजी पुरला गेला. वाटेत लाखो लोकांनी दर्शन घेतलं. एका पिढीने डोळ्यांनी पाहिलं की प्रेत आठवडे टिकू शकतं, आणि राष्ट्राध्यक्षाला जे मिळालं ते आपल्या बापालाही मिळावं, असं कुणाला वाटणार नाही?

पण हे काम शेजारच्या बायकांना जमणारं नव्हतं. त्याला शिकलेला माणूस हवा. १८८२ मध्ये सिनसिनाटीत एम्बामिंगचं शिक्षण देणारी शाळा निघाली आणि त्याच वर्षी रोचेस्टर इथे या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्यांनी स्वतःसाठी नवं नाव घेतलं : फ्युनरल डायरेक्टर. सुतार आणि तबेलेवाला आता परवानाधारक झाला.

खाली दुकान, वर घर

सुरुवातीला फ्युनरल डायरेक्टर आपली पेटी आणि रसायनं घेऊन लोकांच्या घरी जायचा. विसाव्या शतकात उलटं झालं. माणसं इस्पितळात मरू लागली, शहरांतली घरं लहान झाली, प्रेत ठेवायला पुढची खोली उरली नाही. मग डायरेक्टरने गावातला एखादा मोठा जुना वाडा घेतला. खालच्या मजल्यावर दर्शनाची खोली, मागे काम करायची जागा, आणि वरच्या मजल्यावर त्याचं स्वतःचं कुटुंब. ‘फ्युनरल होम’ या नावातला ‘होम’ हा शब्द नुसता गोड बोलण्याचा भाग नव्हता. तिथे खरोखर एक घर होतं. खाली कुणी रडत असेल तर वरच्या मुलांनी पळापळ करायची नाही, ही त्या घराची शिस्त. फोन रात्री दोनला वाजला तरी उचलायचा.

गावात या माणसाचं स्थान वेगळं असायचं. कुणाच्या घरात काय आहे हे त्याला ठाऊक असायचं आणि ते त्याने कुणाला सांगायचं नसायचं. कुणाकडे पैसे नसतील तर उधारी असायची. आणखी एक गोष्ट तर आपल्याला चक्रावून टाकेल. गावात आडवं झोपवून नेता येईल अशी लांब गाडी एकाच माणसाकडे असायची, त्यामुळे ॲम्ब्युलन्सही तोच चालवायचा. १९६६ मध्ये अमेरिकेत अपघाती मृत्यूंवर एक गाजलेला अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की देशातली जवळपास निम्मी ॲम्ब्युलन्स सेवा १२,००० फ्युनरलवाले चालवतात. म्हणजे वाचलात तरी तोच, गेलात तरी तोच!

दक्षिणेत या सगळ्यावर वर्णभेदाची रेघ होती. गोऱ्यांची फ्युनरल होम वेगळी, काळ्यांची वेगळी. पण या अन्यायातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. काळ्या फ्युनरलवाल्याचं उत्पन्न त्याच्याच समाजातून यायचं, त्याला कुणी गोरा मालक कामावरून काढू शकत नव्हता. म्हणून नागरी हक्कांच्या चळवळीत गाड्या, जामिनाचे पैसे, बैठकीला जागा पुरवणाऱ्यांत हे लोक पुढे होते. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला हाल करून मारलं. त्याच्या आईने शिकागोत त्याची शवपेटी उघडी ठेवायला लावली आणि हजारो लोकांनी तो चेहरा पाहिला. चळवळीला त्यातून मोठा धक्का आणि मोठं बळ मिळालं. ती पेटी उघडी ठेवणारं फ्युनरल होमही काळ्या समाजातलंच होतं.

याच काळात आपला नायक, जेरेमाया ओकीफ, म्हणजे सगळ्यांचा जेरी, धंद्यात उभा राहत होता. १९२३ चा जन्म. दुसऱ्या महायुद्धात तो लढाऊ वैमानिक होता आणि ओकिनावाच्या लढाईत २२ एप्रिल १९४५ या एका दिवसात त्याने पाच जपानी विमानं पाडली. परत येऊन त्याने घरचा धंदा सांभाळला, वाढवला. तेरा मुलांचा बाप. राज्याच्या विधिमंडळात गेला, १९७३ ते १९८१ बिलॉक्सीचा महापौर होता. फ्युनरल होमच्या जोडीला त्याने अंत्यविधी विम्याची कंपनी चालवली. कल्पना सोपी : आयुष्यभर थोडे थोडे पैसे भरायचे, म्हणजे मरणाचा खर्च मुलांच्या डोक्यावर नको. गरीब घरांत हा विमा फार खपायचा. आता विचार करा, असा विमा माणूस कशाच्या भरवशावर घेतो? आपण गेल्यावर तपासायला आपण नसणार. तो घेतो फक्त पाटीवरच्या नावाच्या भरवशावर.

नाव विकत घेणारे

धंदा इतका भरवशाचा असेल तर त्यात पैसा आहे हे कुणाच्या तरी लक्षात येणारच. तो पैसा किती आणि कसा काढला जातो हे १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड या लेखिकेने एका पुस्तकात उघड केलं. महागड्या शवपेट्या, गरज नसलेलं एम्बामिंग, दुःखाचा फायदा. पुस्तक प्रचंड खपलं. हे सगळं घरगुती फ्युनरल होमच्याच काळातलं आहे, हे विसरायचं नाही. ‘घरगुती’ म्हणजे आपोआप ‘प्रामाणिक’ नव्हे. १९८४ मध्ये सरकारी नियम आला : प्रत्येक गोष्टीची वेगळी किंमत लेखी द्यायची, फोनवर विचारली तर फोनवर सांगायची, आणि एम्बामिंग कायद्याने सरसकट सक्तीचं नाही हेही सांगायचं.

पण धंदा खरा बदलला तो दुसऱ्याच कारणाने. ह्यूस्टनच्या रॉबर्ट वॉल्ट्रिपने १९६२ मध्ये सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल ही कंपनी काढली. त्याचा हिशेब असा : एका भागातली पाच-सात फ्युनरल होम विकत घ्यायची. प्रत्येकाला वेगळी शववाहिका कशाला, वेगळे कर्मचारी कशाला? सगळं मिळून वापरायचं, खर्च उतरतो, नफा वाढतो. कॅनडात रे लोएन याने हेच सुरू केलं आणि त्याची लोएन ग्रुप ही कंपनी अकराशेच्या वर फ्युनरल होमची मालक झाली.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली : विकत घेतल्यावर हे लोक पाटी बदलत नसत. जुन्या घराण्याचं नाव तसंच, बऱ्याचदा त्या घराण्यातला माणूसही पगारावर तसाच. गावाला वाटायचं तेच घर आहे. दर मात्र दूरच्या कचेरीत ठरायचे. म्हणजे इमारत आणि गाड्या हा सौद्याचा लहान भाग, मोठा भाग होता पाटीवरचं नाव. दुसरी गोष्ट : वॉल्ट्रिप आणि लोएन हे दोघेही बाहेरचे व्यापारी नव्हते. वॉल्ट्रिपच्या वडिलांचं ह्यूस्टनमध्ये फ्युनरल होम होतं, लोएनच्या वडिलांचं मॅनिटोबातल्या स्टाइनबाख या छोट्या गावात. घरगुती धंद्याची किंमत ओळखायला घरातलाच मुलगा लागला.

विकणाऱ्यांना तरी दोष कसा द्यायचा? मुलं शिकून शहरात गेलेली, रात्री दोनचा फोन उचलायला कुणी तयार नाही, आणि समोरून चांगली रक्कम येते. आपल्याकडची कितीतरी जुनी दुकानं याच कारणाने बंद झाली किंवा विकली गेली.

जॅक्सनचा खटला

मिसिसिपीची राजधानी जॅक्सन. तिथल्या एका फ्युनरल होमशी जेरी ओकीफचा करार होता की तिथे फक्त ओकीफच्या कंपनीचा विमा विकला जाईल. १९९० मध्ये लोएनने ते फ्युनरल होम विकत घेतलं आणि तिथे स्वतःचा विमा विकायला सुरुवात केली. ओकीफने दावा लावला. १९९१ मध्ये तडजोड झाली. लोएनने ओकीफची दोन फ्युनरल होम घ्यायची आणि बदल्यात ओकीफला एक विमा कंपनी द्यायची. फ्युनरल होमची किंमत सुमारे २५ लाख डॉलर, विमा कंपनीची सुमारे ४० लाख. म्हणजे ओकीफ स्वतःही काही भाग विकायला तयार होता, हे लक्षात घ्या. तो काही परंपरेसाठी हटून बसलेला म्हातारा नव्हता. पण लोएनकडून व्यवहार पुरा होईना. ओकीफचं म्हणणं, माझी आर्थिक ओढाताण आहे हे ओळखून मुद्दाम वेळ काढला जातोय, म्हणजे मी बुडेन आणि सगळंच स्वस्तात मिळेल.

१९९५ च्या सप्टेंबरात खटला उभा राहिला. जॅक्सनमध्ये काळ्यांची वस्ती मोठी. न्यायाधीश जेम्स ग्रेव्हज काळे, बारा जणांच्या ज्युरीत आठ काळे. ओकीफने वकील घेतला फ्लोरिडाचा विली गॅरी. शेतमजुरांच्या घरात जन्मलेला हा काळा वकील ज्युरीशी बोलण्यात पटाईत होता. कराराच्या कलमांचा रुक्ष खटला त्याने साध्या प्रश्नावर आणला : दिलेला शब्द पाळायचा की नाही? लोएनने काळ्या बाप्टिस्ट चर्चच्या मोठ्या संघटनेशी करार करून त्यांच्या सभासदांपर्यंत आपला धंदा नेला होता. गॅरीने तोही मुद्दा उलटा वळवला : गरिबाच्या श्रद्धेवर कमाई.

नोव्हेंबर १९९५ मध्ये ज्युरीने निकाल दिला. नुकसानभरपाई १० कोटी डॉलर, आणि दंडात्मक भरपाई ४० कोटी. एकूण ५० कोटी डॉलर! मूळ सौदा काही लाखांचा होता. अपील करायचं तर मिसिसिपीच्या नियमाप्रमाणे रकमेच्या सव्वापट, म्हणजे साडेबासष्ट कोटींची हमी भरावी लागणार होती. लोएनने जानेवारी १९९६ मध्ये साडेसतरा कोटींवर तडजोड केली. कंपनी त्या धक्क्यातून सावरली नाही. डोक्यावर कर्ज होतंच. १९९९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ती नव्या नावाने उभी राहिली आणि २००६ मध्ये वॉल्ट्रिपच्या कंपनीनेच ती गिळली.

२०२३ मध्ये यावर ‘द बरिअल’ हा सिनेमा आला. टॉमी ली जोन्सने ओकीफ केला, जेमी फॉक्सने गॅरी. सिनेमात ही लहान माणसाने मोठ्याला हरवल्याची गोष्ट आहे, आणि ती खोटी नाही. पण इतिहास वाचणाऱ्याने पुढचं पानही उलटायला हवं. नाफ्टा या व्यापार कराराखाली लोएन कंपनीने अमेरिकन सरकारवरच दावा लावला. २००३ मध्ये त्या लवादाने लोएनची मागणी फेटाळली, मुख्यतः तांत्रिक कारणावरून. पण निकालात खटल्याच्या कामकाजावर कडक ताशेरे मारले : परदेशी कंपनीविरुद्ध, वंश आणि वर्गाच्या भावनांना हात घालून ज्युरीला चेतवलं गेलं आणि न्यायाधीशांनी ते रोखलं नाही. म्हणजे ज्युरीचा राग खरा होता, पण तो राग ज्या वाटेने निकालात उतरला ती वाट सरळ नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आणि नाव उरलं का?

जेरी ओकीफ २०१६ मध्ये ९३ व्या वर्षी गेला. बिलॉक्सीत आज जॉर्ज ओर या कुंभार-कलावंताच्या भांड्यांचं एक सुंदर संग्रहालय आहे, त्याच्या नावात जेरीच्या पत्नीची आठवण म्हणून ओकीफ हे नाव जोडलेलं आहे. ब्रॅडफर्ड-ओकीफ या नावाची फ्युनरल होम अजून त्या किनाऱ्यावर चालतात. मोठ्या कंपन्या वाढल्या, तरी अमेरिकेतली बहुसंख्य फ्युनरल होम आजही खाजगी आणि घरगुतीच आहेत.

त्यांच्यापुढचं आजचं संकट वेगळंच आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. अमेरिकेत आधुनिक पद्धतीचं पहिलं दहन १८७६ मध्ये पेनसिल्व्हेनियात झालं. बॅरन डी पाम नावाच्या थिऑसॉफिस्टाचं. ते घडवून आणलं हेन्री ऑल्कटने, जो तीनच वर्षांत मादाम ब्लाव्हाट्स्कीबरोबर मुंबईत उतरला. तेव्हा लोकांनी त्याची टिंगल केली. १९६० मध्येही शंभरात चार अमेरिकन जेमतेम दहन निवडत. आज ते प्रमाण शंभरात साठच्या आसपास आहे. दहन स्वस्त पडतं. महाग पेटी नको, एम्बामिंग नको, दर्शनाची खोली नको. सुतारापासून सुरू झालेल्या धंद्याचा पायाच त्यामुळे हलला.

आपल्याकडे प्रवास उलट्या दिशेने चालला आहे. मुलं परदेशात, सोसायटीत ओळख नाही, खांद्याला चार माणसं मिळत नाहीत. मोठ्या शहरांत तिरडीपासून अस्थिविसर्जनापर्यंत सगळं ठराविक रकमेत करून देणारे व्यावसायिक आता मिळतात. त्यात वाईट काही नाही, गरज आहे म्हणून ते आहेत. फक्त ओकीफच्या गोष्टीतून एक लक्षात ठेवू. या कामात गिऱ्हाईक घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसतं आणि ज्याच्यासाठी काम चाललंय तो तक्रार करू शकत नाही. अशा ठिकाणी दोनच गोष्टी माणसाला सांभाळतात. एक म्हणजे लेखी दरपत्रक, जे अमेरिकेला १९८४ मध्ये मिळालं. दुसरी म्हणजे समोरच्या माणसाला याच गावात उद्याही तोंड दाखवायचं आहे, ही जाणीव. पहिली कायद्याने आणता येते. दुसरी पाटीवरच्या नावासोबत विकत मिळत नाही. म्हणून उद्या आपल्या शहरात अशी पाटी दिसली, तर नाव वाचून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारा : दरपत्रक कुठे आहे, आणि मालक कुठे राहतो?

आज इथेच थांबतो.